पेट्रोलची जीप, डिझेलचे इंजिन

शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर मागे हौदा बसवलेल्या, कांद्याच्या पोत्यांनी वाकलेल्या जुन्या जीपगाड्या आमच्या पिढीने पुष्कळ पाहिल्या. महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती पेट्रोलवर चालणारी. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे दर जगभर चौपट झाले आणि पेट्रोलची गाडी मालकाला जड जाऊ लागली. सांगाडा मात्र धडधाकट! मग मोडीतल्या गाडीचे डिझेल इंजिन तिच्यात उतरू लागले.

काम वाटते तितके सोपे नव्हे. डिझेल इंजिन वजनाने जड, त्याचे फेरे कमी, थरथर जास्त. गिअरबॉक्सशी जुळवायला मध्ये लोखंडी प्लेट घालायची. तिची भोके जराशी हुकली तरी क्लच टिकत नाही. पुढच्या स्प्रिंगला पाटे वाढवायचे, इंजिनाखाली जाड रबर द्यायचे. मिस्त्री ही आकडेमोड चेसिसवर खडूने करत. एक शब्द बदलला की पुढची ओळ लंगडते, हे कवीला ठाऊक असते. त्यांना ते लोखंडात ठाऊक होते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते. आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढतो. ते बसवले कोणी, हे विचारायला मालकाकडेच जावे लागते.