तळटीप : ‘चॉकलेटवाली सहा डोकी’

* चॉकलेटवाली सहा डोकी : रोख अँथनी बर्कली यांच्या ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’ (१९२९) या कादंबरीकडे. लंडनच्या एका क्लबात सर युस्टेस यांच्या नावे चॉकलेटांचा डबा येतो. ते तो दुसऱ्याला देऊन टाकतात आणि त्या गृहस्थाची बायको दगावते. विष नायट्रोबेन्झीनचे, त्याला कडू बदामाचा वास येतो, त्यामुळे मिठाईत ते खपून जाते. स्कॉटलंड यार्डने हात टेकल्यावर रॉजर शेरिंगहॅमच्या मंडळातले सहा हौशी सभासद रोज एक याप्रमाणे आपापला उलगडा मांडतात, आणि मांडला जात असेपर्यंत प्रत्येक पटतो. खरी थट्टा आहे ती हीच : पुरावा तोच, पण वकिली बुद्धीने हवा तो माणूस फासावर चढवता येतो. बर्कलींनी यात स्वतःच्या लाडक्या शेरिंगहॅमलाही सोडलेले नाही. सर्वांत शेवटी बोलतात बुजरे चिटरविक. पुढचे इथे सांगणे म्हणजे रसभंग. खोड मात्र इतरांनाही लागली. क्रिस्टियाना ब्रँड यांनी १९७९मध्ये सातवा उलगडा जोडला, मार्टिन एडवर्ड्स यांनी २०१६मध्ये आठवा. प्रस्तुत लेखक सहाच धरतात, ते मूळ कादंबरीपुरते. — संपा.