कॅबिनेटची छिद्रे कोणी ठरवली? सुट्या भागांच्या संगणकाचा इतिहास

१/ नव्या कॅबिनेटमध्ये संगणक जोडताना पितळी स्पेसरवर मदरबोर्ड ठेवायचा, स्क्रू आवळायचे, मग एसएमपीएस, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड बसवायचे. प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा, तरी छिद्राला छिद्र जुळते. हा मेळ आपोआप बसलेला नाही. त्यामागे सुमारे पंधरा वर्षांचा सत्तासंघर्ष आहे.

२/ १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूला तो घडवण्यासाठी जेमतेम वर्षभराची मुदत होती. त्यामुळे प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि फ्लॉपी ड्राइव्ह भारतात जन्मलेल्या जुगी टंडन यांच्या कंपनीचे, असे महत्त्वाचे भाग बाहेरून घेतले गेले.

३/ या संगणकात जादा कार्डांसाठी पाच स्लॉट होते. इतरांनीही कार्डे बनवावीत म्हणून आयबीएमने विद्युत आराखडे पुस्तिकेत छापले. संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या बायोस या प्रोग्रामची संहिताही छापली. स्वामित्वहक्क मात्र राखून ठेवला. ती वाचण्यास मुभा होती, उतरवून घेण्यास नव्हती.

४/ १९८२ मध्ये ह्यूस्टन येथे स्थापन झालेल्या कॉम्पॅकने यातून वाट काढली. एका गटाने बायोस काय काम करतो याची नोंद केली. मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या नोंदीवरून नवा बायोस लिहिला. १९८४ मध्ये फीनिक्स कंपनी असाच बायोस इतरांना विकू लागली. आयबीएमशी सुसंगत संगणक बनवणे आता कोणालाही शक्य झाले.

५/ आयबीएमची कार्डे चालायची तर मापेही आयबीएमचीच पाळणे भाग होते. १९८३ च्या एक्सटी संगणकात दोन स्लॉटमधील अंतर ०.८ इंच होते. आजच्या कॅबिनेटच्या मागील खाचांतही तेच अंतर आहे. १९८४ च्या एटी संगणकावरून तर मदरबोर्डच्या घडणीलाच ‘एटी’ हे नाव पडले.

६/ १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणक आणून निसटलेली सत्ता परत मिळवू पाहिली. त्याच्या वरच्या श्रेणीतील मायक्रो चॅनल स्लॉटमध्ये जुनी कार्डे बसत नसत आणि इतर उत्पादकांना परवाना शुल्क भरावे लागे. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुनी कार्डे स्वीकारणारा पर्यायी आराखडा जाहीर केला. बाजार मायक्रो चॅनलकडे वळला नाही. आयबीएमने घालून दिलेली मापे खुद्द आयबीएमलाही बदलता आली नाहीत.

७/ एटी रचनेत दोषही होते. वीजपुरवठ्याचे दोन जोड उलटसुलट बसले तर बोर्ड जळण्याची भीती असे. म्हणून ‘काळ्या तारा मधोमध, शेजारी शेजारी’ हा नियम जोडणारे पाठ करत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना प्रसिद्ध केली: ३०५ × २४४ मिलिमीटरचा बोर्ड, ठरलेल्या जागी छिद्रे आणि उलटा न बसणारा एकच मुख्य वीजजोड.

८/ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा व्यापार याच मापांवर उभा राहिला. ग्राहकाने भागांची यादी द्यावी, दुकानदाराने ते जोडून ‘असेंबल्ड’ संगणक हाती ठेवावा. ब्रँडेड संगणक न परवडणाऱ्या अनेक घरांत पहिला संगणक अशाच मार्गाने आला. पुढे रॅम वाढवायची झाली, तर केवळ रॅमच विकत घ्यावी लागे.

९/ २००५ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर व्यवसाय लेनोवोकडे गेला. सुट्या भागांची पद्धत मात्र टिकली. आज अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाखलेली असते आणि ती वाढवायची तर यंत्रच बदलावे लागते. विकलेल्या यंत्रावर अखेरचा अधिकार बनवणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हा १९८७ चा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे. कॅबिनेटच्या पत्र्यावरील छिद्रे ही त्या प्रश्नाचे उत्तर एकदा ग्राहकाच्या बाजूने लागल्याची खूण आहे.