पायाखालची वाळू? छे, चिखल!

मीरा रोड किंवा भाईंदर पूर्वेच्या एखाद्या सोसायटीत चक्कर मारा आणि इमारतीकडे नको, इमारत आणि आवार जिथे भेटतात त्या रेषेकडे बघा. पायरी प्लिंथपासून सुटलेली, मधली फट सिमेंटने दोन-तीनदा बुजवलेली, पेव्हर ब्लॉक एका अंगाला कललेले. "बिल्डिंग खचतेय हो!" असं कुणीतरी म्हणतं आणि सोसायटीच्या सभेत तो ठरलेला प्रश्न येतो. हे भरून कोण देणार? बिल्डर?

प्रश्न जुना आहे. पार हम्मुराबीच्या काळचा. इसवी सनापूर्वी १८व्या शतकातल्या या बाबिलोनी राजाच्या कायद्यात घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड होता. हे कलम सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र त्याच्या पुढचं एक साधं कलम आवडतं: बांधलेली भिंत कलायला लागली, तर बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने ती पक्की करून द्यावी. बस्स, इतकंच.

नंतर १८०४ मध्ये नेपोलियनच्या नागरी कायद्याने आणखी एक पळवाट बंद केली. बांधकामातल्या दोषामुळे, इतकंच काय, जमिनीच्या दोषामुळे इमारत गेली तरी आर्किटेक्ट आणि कंत्राटदार १० वर्षं जबाबदार. "जमीनच वाईट होती हो" ही सबब चालणार नाही! जमीन कशी आहे हे बघणं हेच तर बांधणाऱ्याचं काम.

आता आपली जमीन बघू. मीरा-भाईंदर म्हणजे वसईच्या खाडीकाठची खाजणं आणि मिठागरं. १९८५ मध्ये ग्रामपंचायती जाऊन नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका. या काळात मिठागरांच्या शेजारी आणि खाजणांवर मुरुमाचे डंपर रिकामे होत गेले आणि त्यावर मुंबईत न परवडणाऱ्यांची घरं उभी राहिली. मुरुमाखाली राहिला तो खाडीचा काळा, पाण्याने भरलेला चिखल.

या चिखलाचा स्वभाव कार्ल टर्झागी नावाच्या अभियंत्याने १९२५ मध्ये गणितात मांडला. वरून वजन आलं की चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि तेवढी जमीन बसते. किती हळू? चिखलाचा थर दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. थर जाड असला तर हे काम कित्येक वर्षं चालतं.

त्यामुळे प्रत्येक भेग सारखी नसते. उंच इमारत बहुधा पाइलवर असते, म्हणजे चिखल पार करून खालच्या टणक थरापर्यंत गेलेल्या खांबांवर. ती जागेवर राहते, बसतं ते आवार. पायरी सुटते, ड्रेनेजचे पाइप तुटतात, जमिनीखालची टाकी गळते. शिवाय बसता चिखल पाइलला धरून खाली ओढतो, तो भार डिझाइनमध्ये धरावा लागतो. बुटकी इमारत उथळ पायावर असेल तर ती स्वतःच एका बाजूला जास्त बसते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. आणि तिसरा प्रकार आपल्याकडचा खास: इमारत जागेवरच, पण रस्ता दर काही वर्षांनी वर येतो! तळमजल्यात पावसाचं पाणी शिरतं आणि शिव्या बिल्डरला. (काही वेळा तरी त्या बिचाऱ्याच्या वाट्याच्या नसतात.)

कायदा आपल्याकडेही लवकर आला. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम २० दिवस झाले होते, तेव्हा २० मे १९६० रोजी सरकारने फ्लॅटविक्रीतल्या गैरप्रकारांवर समिती नेमली. त्यातून १९६३ चा मोफा कायदा आला. डिझाइन आणि साहित्याची माहिती मागण्याचा हक्क खरेदीदाराला मिळाला. पण मातीचा अहवाल कोण मागतो? आपण किचनचा ओटा बघतो. याच कायद्यात, ताब्यापासून ३ वर्षांत दाखवलेला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करावा असं आहे. १९९० मध्ये मीरा रोडचं शांतीनगर उभं करणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात वाजवी निवारा धरला. आणि १९९३ मध्ये घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची 'सेवा' ठरली. पुढे रेरा आला. १ मे २०१७ पासून, ज्या प्रकल्पांना तोवर पूर्णत्वाचा दाखला नव्हता त्यांच्यासाठी आणि नव्यांसाठी, बांधकामातल्या दोषाची मुदत ५ वर्षं झाली. दोष कळवल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती, नाहीतर भरपाई.

छानच आहे. पण कायद्याचं घड्याळ ताब्याच्या तारखेला सुरू होतं आणि ५ वर्षांनी थांबतं. चिखलाचं घड्याळ भराव पडला त्या दिवशी सुरू होतं आणि थर जितका जाड तितकं लांबतं. म्हणजे बघा, जमीन जितकी वाईट, तितकी तिची खोड उशिरा दिसते आणि बिल्डर तितका सुरक्षित! फ्रान्सची १० वर्षं मला इथे जास्त शहाणपणाची वाटतात.

माणसं मेली तर गोष्ट वेगळी. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन कोसळली. इमारत काही जुनीपुराणी नव्हती. १६ जण गेले आणि बिल्डरसह इतरांवर गुन्हा दाखल झाला. तिथे ५ वर्षांचं बंधन कुणी विचारत नाही. नुसती टाकी फुटली असती तर मात्र पहिला प्रश्न ताब्याच्या तारखेचा आला असता.

ओळखीच्या एका नव्या सोसायटीतल्या निवृत्त ओव्हरसियर काकांनी यावर साधा उपाय काढलाय. ताबा मिळाल्याच्या महिन्यातच प्लिंथवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर समान पातळीच्या लाल खुणा केल्या. दर मे आणि ऑक्टोबरला पाण्याच्या नळीने पातळी तपासतात, मोजपट्टी लावून फोटो काढतात, वहीत आकडे लिहितात. तिसऱ्या वर्षी भिंतीची खूण ४ सेंटिमीटर खाली दिसली, तेव्हा त्यांनी फोटोंसकट रजिस्टर पत्र पाठवलं आणि सोबत मातीच्या तपासणीचा अहवालही मागितला. बिल्डरचं उत्तर अजून आलेलं नाही. काकांची पोचपावती मात्र फाइलला लागली आहे आणि मुदतीची अजून दीड वर्षं शिल्लक आहेत.