तळटीप २३ : दान्ते फेरेत्ती

२३. येथील ‘दान्ते’ म्हणजे मध्ययुगीन महाकवी नव्हेत, तर इटालियन कलादिग्दर्शक दान्ते फेरेत्ती (जन्म १९४३, माचेराता). आधी पाझोलिनी, मग फेलिनी यांच्या चित्रपटांचे नेपथ्य त्यांनी केले. ‘द एज ऑफ इनोसन्स’पासून (१९९३) स्कोर्सेसींशी जोडी जमली. परिच्छेदात आलेली ‘फाइव्ह पॉइंट्स’ ही एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कची वस्ती त्यांनी ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’साठी (२००२) रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारली होती. ‘द एव्हिएटर’ (२००४), ‘स्वीनी टॉड’ (२००७) व ‘ह्यूगो’ (२०११) यांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. तिन्ही पुरस्कारांत सेटसजावटकार पत्नी फ्रान्चेस्का लो स्किआव्हो सहमानकरी होत्या. — संपा.