जिम मॉरिसनचे मरण : एका बंद शवपेटीचा इतिहास

३ जुलै १९७१ च्या सकाळी पॅरिसच्या मारे भागातील रू बोत्रेयी या गल्लीत, १७ क्रमांकाच्या घरी, 'द डोअर्स' या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचा गायक जिम मॉरिसन न्हाणीघरातील टबात मृतावस्थेत आढळला. त्याचे वय २७ होते. त्याची सहचरी पामेला कूर्सन हिने आपले मित्र अलँ रोने यांना फोन केला. रोने त्या वेळी चित्रपट-दिग्दर्शिका अन्येस वार्दा यांच्या घरी मुक्कामाला होते. ती दोघे पोचली तेव्हा अग्निशमन दलाची माणसे आधीच घरात होती. सरकारी डॉक्टरांनी शव पाहिले आणि हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू आल्याचा निर्वाळा दिला. घातपाताची चिन्हे नसल्यास शवविच्छेदन करण्याची सक्ती फ्रेंच कायद्यात नव्हती, त्यामुळे ते झाले नाही. ७ जुलैला पेर लाशेज दफनभूमीत मोजक्या पाच माणसांच्या उपस्थितीत दफन उरकले. जगाला बातमी कळली ती त्यानंतर, मृत्यूला सहा दिवस उलटल्यावर.

एवढाच निर्विवाद इतिहास आहे. उरलेले जे काही गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत लिहिले आणि बोलले गेले, ते या चार ओळींमधल्या रिकाम्या जागा भरण्याचे उद्योग आहेत. त्या उद्योगांकडे कुत्सित हसून पाहण्याची रीत आहे, पण आम्हाला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. अफवा खोटी असली तरी ती का रुजली याला कारणे असतात, आणि ती कारणे बहुधा खरी असतात.

पहिली रिकामी जागा शवपेटीची. वाद्यवृंदाचा व्यवस्थापक बिल सिडन्स अमेरिकेहून धावत पॅरिसला आला, तेव्हा त्याला दिसली ती बंद केलेली पेटी आणि मृत्यूचा दाखला. पेटी उघडून पाहावी असे त्याला वाटले नाही. परतल्यावर सहकारी रे मॅन्झारेकने मृतदेहाबद्दल विचारले, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. पुढे मॅन्झारेक स्वतःच या गूढाला जाहीरपणे खतपाणी घालत राहिला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या मरणाविषयी खात्री पटेना, म्हणून तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसेही उभी राहिली. मॉरिसनलाही असे तोतये लाभले. १९७४ मध्ये 'फँटम्स डिव्हाइन कॉमेडी' या नावाने एक तबकडी निघाली. गायकाचा आवाज मॉरिसनशी इतका जुळणारा होता, की तोच टोपणनावाने परतला आहे अशी कुजबुज सुरू झाली.

'तो मेलाच नाही' या प्रवादाला आणखी एक बळकट आधार होता, आणि तो खुद्द मॉरिसननेच पुरवलेला होता. आपण मेल्याची हूल उठवून आफ्रिकेत निघून जाऊ, असे तो मित्रांत बोलत असे. फ्रेंच कवी आर्त्यूर रँबो याचा तो भक्त होता. रँबोच्या कवितांचे भाषांतरकार वॉलेस फाउली यांना त्याने १९६८ मध्ये आभाराचे पत्र लिहिले होते. विशीच्या सुमारास कविता कायमची टाकून एडन आणि हरार येथे व्यापार करीत राहिलेल्या रँबोचे चरित्र समोर असताना, पॅरिसला कविता लिहायला आलेला गायक तसाच नाहीसा झाला असेल, ही कल्पना चाहत्यांना सुचणे अगदी स्वाभाविक होते. १९८० मध्ये जेरी हॉपकिन्स आणि डॅनी शुगरमन यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यानेही ही शक्यता खुली ठेवली, आणि नव्या पिढीला मॉरिसन भेटला तो या संशयासकटच.

दुसरा प्रवाद खुनाचा. जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० ला गेला, जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबरला, आणि पाठोपाठ मॉरिसन. तिघेही २७ वर्षांचे. त्याआधी ब्रायन जोन्स, तोही २७ चाच, ३ जुलै १९६९ ला, म्हणजे मॉरिसनच्या बरोबर दोन वर्षे आधी गेला होता. बंडखोर तरुणाईचे आवाज अमेरिकी सरकारने एकेक करून बंद केले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. हा निष्कर्ष ज्या काळात निघाला तो काळ ध्यानात घ्यायला हवा. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी एफबीआयच्या कार्यालयातून काही नागरिकांनी कागदपत्रे पळवली, आणि सरकार स्वतःच्या नागरिकांवर पाळत ठेवून त्यांच्या चळवळी पोखरते आहे हे उघड झाले. मॉरिसनच्या नावाचीही फाइल एफबीआयकडे होती. मायामी येथील १९६९ च्या कार्यक्रमातील वर्तनाबद्दल १९७० मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती आणि अपिलाचा निकाल लागायचा होता. ज्या सरकारने इतके लपवले ते हेही लपवत असेल, असे वाटायला जागा होती. मात्र पाळत ठेवल्याचा पुरावा हा खून केल्याचा पुरावा होत नाही, आणि खुनाकडे बोट दाखवणारा एकही कागद आजवर पुढे आलेला नाही.

२७ या आकड्याचे गूढही तपासून झाले आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डिसेंबर २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला अशा १०४६ संगीतकारांची त्यात नोंद होती. त्यांपैकी ७१ जण मरण पावले होते. २७ व्या वर्षी मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले नाही. दिसले ते निराळेच. विशी-तिशीतल्या या मंडळींचा मृत्युदर सर्वसाधारण ब्रिटिश लोकसंख्येच्या दोन ते तीन पट होता. म्हणजे शाप आकड्यात नसून त्या जगण्यात आहे. पण आकड्याची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला रंजक, म्हणून ती टिकली.

तिसरा प्रवाद पहिल्या दोहोंच्या मानाने साधा, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगा. पामेलाच्या जबाबानुसार ती दोघे चित्रपट पाहून घरी परतली होती, रात्री मॉरिसनला बरे वाटेनासे झाले आणि तो टबात जाऊन बसला. पॅरिसमधील 'रॉक अँड रोल सर्कस' या नाइटक्लबचे व्यवस्थापक सॅम बर्नेट यांनी २००७ मध्ये पुस्तक लिहून याला छेद दिला. मॉरिसन क्लबच्या स्वच्छतागृहात हेरॉइनने मेला आणि त्याला तिथून घरी आणून टबात ठेवले गेले, असे त्यांचे म्हणणे. २०१४ मध्ये गायिका मारियान फेथफुल यांनी 'मोजो' मासिकाला सांगितले, की त्या काळचा त्यांचा मित्र जाँ द ब्रतय याने पुरवलेल्या जहाल हेरॉइनने मॉरिसनचा जीव गेला आणि तो अपघात होता. या कथनांत आपसांत मेळ नाही. बर्नेट यांची हकीकत तर ३६ वर्षांनी सांगितलेली. पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्यांना कुठलीही महासत्ता लागत नाही, पोलिसांची भीती वाटणारी चार-दोन माणसे पुरतात.

कटाची कल्पना तपासायची एक जुनी कसोटी आहे : गुपित किती जणांना, किती वर्षे आणि कशासाठी राखावे लागले असते? मॉरिसन जिवंत निसटला असेल तर डॉक्टर, पोलीस, अग्निशमन दल, मित्र, सगळेच जन्मभर गप्प राहिले असे मानावे लागते. तो हेरॉइनने गेला आणि घाबरलेल्या जवळच्यांनी ते झाकले, यासाठी काही दिवसांचे मौन पुरेसे होते. मादक द्रव्यांचा खटला टाळणे हा त्यामागचा अगदी सामान्य हेतू. सिद्ध दोन्ही झालेले नाही, पण दोहोंचे वजन सारखे नाही. अधिकृत निदानाने तर निकालच लागत नाही. हृदय बंद पडणे हे मृत्यूचे कारण म्हणावे की मृत्यूचेच दुसरे नाव, असा प्रश्न पडतो.

आमचा आक्षेप आहे तो इथे. मोठ्या कटाच्या शोधात छोट्या माणसांची पडझड दिसेनाशी होते. पामेलाकडे या साऱ्या साहित्यात कधी लबाड साक्षीदार म्हणून पाहिले गेले, कधी विष देणारी म्हणून, कधी जिवंत प्रियकराची राखणदार म्हणून. प्रत्यक्षात ती व्यसनाच्या विळख्यात सापडलेली तरुण मुलगी होती. २५ एप्रिल १९७४ ला लॉस एंजेलिसमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने तिचा अंत झाला, तोही २७ व्याच वर्षी. तिच्या मरणाभोवती कोणी गूढ रचले नाही, कारण तिथे रिकामी जागा नव्हती. त्या मरणाकडे नीट पाहिले तर मॉरिसनच्या मरणाचा अर्थही बराचसा उलगडतो. दारूने पोखरलेले शरीर, सोबतीला हेरॉइन, आणि 'हे थांबव' असे सांगणारे कोणी नाही.

मॉरिसनने आपल्या कारकिर्दीच्या आरंभी, रेकॉर्ड कंपनीसाठी दिलेल्या माहितीत, आईवडील मृत असल्याचे लिहिले होते. दोघेही जिवंत होते. वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन अमेरिकी नौदलात होते आणि १९६४ च्या टोंकिन आखातातील घटनेच्या वेळी तेथील विमानवाहू जहाजाच्या ताफ्याचे प्रमुख होते. मुलाने जाहीरपणे मारून टाकलेला हा बाप २००८ पर्यंत जगला. थडग्यावरचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला आणि २०२५ च्या मे महिन्यात भलत्याच तपासात पॅरिस पोलिसांच्या हाती लागला, तेव्हा वर्तमानपत्रांना पुन्हा एक गूढ सापडले. त्याच थडग्यावर वडिलांनी बसवलेली एक धातूची पट्टी मात्र आपल्या जागी आहे. तिच्यावर मुलाचे नाव, त्याच्या जन्ममरणाची वर्षे आणि आपल्या अंतःप्रेरणेशी तो इमानी राहिला अशा अर्थाचे ग्रीक शब्द कोरलेले आहेत. मुलगा तिथेच पुरलेला आहे, याविषयी त्या बापाला शंका नव्हती.