हिंगण्याची वाट

१८९६ सालच्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला आणि पुढे बरीच वर्षे तो पुन्हापुन्हा येत राहिला. घरात उंदीर पडू लागले की पेठा रिकाम्या व्हायच्या. लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे आणि साथ ओसरली की बिऱ्हाड आवरून परत यायचे. त्याच काळात, १९०० साली, शहरापासून सुमारे चार मैलांवर मुठेच्या काठच्या हिंगणे बुद्रुक या खेड्यात आणखी एक झोपडी उभी राहिली. तिच्यात राहायला आलेल्या बायकामुली मात्र साथ ओसरल्यावरही परतल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेकींना परत जावे असे घरच नव्हते.

त्या विधवा होत्या. कुणी आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन दहाव्या वर्षी कपाळ पुसलेली, कुणी पदरात मूल असलेली. केशवपन केलेले डोके, अंगावर आलवण, एकवेळचे जेवण आणि दिवसभर घरातले कष्ट हा त्यांच्या आयुष्याचा ठरलेला आराखडा. त्यांना लिहायला-वाचायला शिकवावे, स्वतःच्या पायावर उभे करावे एवढ्या साध्या हेतूसाठी धोंडो केशव कर्वे यांनी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. आश्रम आधी पुण्यातच भाड्याच्या जागेत भरे. पण शहरात एकीकडे सनातन्यांचा रोष आणि दुसरीकडे प्लेग. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जमीन आणि वर ७५० रुपये दिले, तेव्हा आश्रमाने गाव सोडले.

जमीन मिळाली, पण ती होती आडबाजूला. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चप्पल ओढून घेई आणि अंधार पडला की वाटेवर माणूस दिसत नसे. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. दिवसभराचे तास संपले की ते संध्याकाळी पायी हिंगण्याला निघत, बरोबर आश्रमाला लागणारे वाणसामान घेत, रात्री मुलींना शिकवत, तिथेच मुक्काम करत आणि पहाटे उठून पुन्हा पायी पुण्याला कॉलेजात हजर होत. जवळजवळ दोन वर्षे हा क्रम चालला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला त्या वेळी महिना ७५ रुपये मिळत. घोडागाडीचा विचारही परवडणारा नव्हता.

कर्व्यांची आशा कशी होती, हे या वाटेवर नेमके कळते. विधवांची स्थिती बदलली पाहिजे असे म्हणणारे पुण्यात थोडे नव्हते. त्यावर व्याख्याने होत, वर्तमानपत्रांचे रकाने भरत. कर्वे स्वतः वक्ते नव्हते. स्वभावाने बुजरे, चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की संकोचणारे. पण एकदा गोष्ट पटली की तिचा आज करता येईल एवढा भाग कोणता, हे शोधून ते तो उरकत. आज करता येण्यासारखे म्हणजे चार मैल चालणे आणि डाळ-तांदूळ पोचवणे. तेवढे झाले की उद्याचे उद्या.

ही सवय जुनी होती. १८५८ साली जन्मलेले कर्वे कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावात वाढले. १८७५ मध्ये सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेला बसायचे, तर केंद्र साताऱ्याला. मुरूडहून सातारा म्हणजे शंभर मैलांच्या वर. भर पावसाळ्यात हा सतरा वर्षांचा मुलगा दोघातिघा सोबत्यांबरोबर चालत निघाला, कुंभार्ली घाट चढला, भिजत-थांबत चौथ्या दिवशी साताऱ्याला पोचला. परीक्षा-समितीच्या प्रमुखाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि वयाचा दाखला असूनही सांगितले, की हा सतरा वर्षांचा दिसत नाही, याला बसता येणार नाही. अंगाने किरकोळ असण्याची ही शिक्षा. कोकणातला मुलगा तसाच परत फिरला. पण त्याने नाद सोडला नाही. परीक्षा नंतर कोल्हापूरला दिली आणि उत्तीर्ण झाला. पुढे मुंबईत शिकवण्या करत तो १८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला. मिळकतीतला थोडा भाग दानासाठी बाजूला काढण्याची शिस्तही याच काळातली. पुढे आश्रमाची सगळी उभारणी अशाच किरकोळ रकमांवर झाली, म्हणून ही शिस्त महत्त्वाची.

१८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये आले. वय तेहेतीस. घरच्यांनी रीतीप्रमाणे एखादी कुमारिका पाहायला सुरुवात केली असती, पण कर्व्यांनी लग्न केलेच तर विधवेशीच करायचे असे ठरवले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई तिच्या आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईच्या आनंदीबाई झाल्या. घरातले लोक त्यांना बाया म्हणत.

मुरूडकरांनी सभा भरवून बहिष्कार घातला. कर्व्यांच्या बैठकीला कोणी बसायचे नाही आणि ते घरी उतरले तर त्यांच्या आईलाही वाळीत टाकायचे, असा ठराव झाला. ज्या गावासाठी त्यांनी तरुणपणी पै-पै जमवून फंड उभा केला होता, त्याच गावाने दार लावले. आईला भेटायचे तर चोरून. या बहिष्काराबद्दल कर्व्यांनी पुढे फार लिहिले-बोलले नाही. विधवाविवाहाला अनुकूल मंडळींना एकत्र आणणारी संस्था त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस उभी केली, हेच त्यांचे उत्तर.

इथे एक निर्णय असा आहे, की ज्यावर तेव्हा सुधारकही नाराज झाले. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होत असल्याच्या बातम्यांनी पुणे पेटले होते. पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. विधवांसाठी काही काढणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयाने पाहत होते. कर्व्यांनी ओळखले, की पुनर्विवाहाचा प्रचार आणि आश्रम एकाच हाताने चालवले तर बाप आपल्या मुलीला आश्रमात पाठवणारच नाही. म्हणून स्वतः पुनर्विवाह केलेल्या या माणसाने विवाह-मंडळीच्या कामातून अंग काढून घेतले आणि आश्रमात फक्त शिक्षणावर भर दिला. जहाल सुधारकांना हे माघार घेणे वाटले. प्रत्यक्षात त्यामुळेच पहिल्या मुली हिंगण्याच्या झोपडीपर्यंत पोचल्या. शिकलेली बाई पुढे आपले आपण ठरवील, हा त्यातला हिशेब होता आणि तो बरोबर निघाला.

या धोरणाला मर्यादाही होती. आश्रमाची सुरुवातीची वर्षे मुख्यतः ब्राह्मण विधवांची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यातच १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्या दांपत्याने घेतलेला व्यापक पवित्रा हिंगण्याने तेव्हा घेतला नाही. कर्व्यांचे मोठेपण सांगताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. ते स्वतः ऐंशी उलटल्यावर, १९४४ मध्ये, समता संघ स्थापन करून जातिभेदाच्या प्रश्नाकडे वळले.

हिंगण्याचा इतिहास कर्व्यांच्या नावाने सांगितला जातो. पण त्यात सर्वांत जास्त पायपीट केली ती बायकांनी. आनंदीबाई आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. घरात चार मुले, नवऱ्याची सगळी शिल्लक आश्रमाला गेलेली, आणि संसार चालवायची जबाबदारी त्यांच्यावर. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हा ताण लपवलेला नाही. नवऱ्याच्या ध्येयासाठी पोटाला चिमटा घेणारी बाई काय विचार करत असते, हे मराठीत इतक्या मोकळेपणी फार थोड्या ठिकाणी आले आहे.

त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची हकिकत तर याहून विलक्षण. त्या मूळच्या देवरुखच्या. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. अक्षरओळख झाली तीच मुळी पंचविशीच्या आसपास, बहिणीच्या आधाराने पुण्यात आल्यावर. आपल्या वयाच्या निम्म्या मुलींबरोबर बाकावर बसून त्या शिकल्या, मग आश्रमातच शिकवू लागल्या आणि पुढे तिथली व्यवस्था पाहू लागल्या. आश्रमासाठी पैसे जमवायला त्या गावोगाव फिरत. डोक्यावर पदर घेतलेली सोवळी बाई सभेत उभी राहून बोलते, हेच लोकांना नवल होते आणि म्हणूनच ते ऐकायला थांबत. १९१२ मध्ये मात्र त्यांनी केशवपन बंद केले. चाळिशी ओलांडलेल्या, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या बाईने केस वाढवले, म्हणून टीका झालीच.

आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. महायुद्ध अजून चालू होते. इंग्रजी जेमतेम. तिथे जाऊन इंग्रजी शिकायचे आणि आश्रमासाठी निधी मिळवायचा, असा बेत. जपानमार्गे त्या पॅसिफिक किनाऱ्यावर उतरल्या आणि पोट भरण्यासाठी अमेरिकन कुटुंबांत घरकामाला राहिल्या. भांडी घासली, झाडलोट केली, आजारी पडल्या, शाकाहार सोडला नाही. देवरुखच्या ज्या घरात त्यांनी तरुणपणी चुलीपुढे खाली मान घालून दिवस काढले, तिथून परक्या देशातल्या मोरीपर्यंतचा हा प्रवास कष्टाच्या बाबतीत तोच होता, फरक एवढाच की आता कष्ट कशासाठी हे त्यांनी स्वतः ठरवले होते. १९२० मध्ये त्या निधी घेऊन परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये आले.

मधल्या काळात झोपडीभोवती संस्था वाढत गेली. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, म्हणजे विधवांबरोबर इतर मुलींनाही शिक्षण. १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, म्हणजे संस्थेला आयुष्य देणारे कार्यकर्ते घडवण्याची सोय. पुढची उडी मोठी होती. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्व्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पाठवली होती. ती त्यांनी आधी नुसती चाळून ठेवली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा वाचली आणि हिंदुस्थानात स्त्रियांचे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. सरकारी मान्यता नाही, इमारत नाही, शिकायला मूठभर विद्यार्थिनी. तरी १९१६ मध्ये ते सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी रचना. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी. कायद्याने मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. तीसहून अधिक वर्षे ते मान्यतेवाचून चालले आणि मुली शिकत राहिल्या.

कर्वे तोवर म्हातारे झाले होते, पण थांबले नव्हते. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा प्रवास करून त्यांनी विद्यापीठासाठी पैसे जमवले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले आणि पुण्यात दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. अशा सुमारे चाळीस शाळा निघाल्या. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले.

हिंगणे बुद्रुकचे आज कर्वेनगर झाले आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मूळ झोपडी आवारात जपून ठेवलेली आहे. पुण्यात जाणे झाले तर ती जरूर पाहावी, पण जाण्याआधी कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’बरोबर ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही दोन पुस्तकेही वाचावीत. हिंगण्याची अर्धी हकिकत त्यांत आहे, आणि ती अजून पुरेशा मराठी घरांत पोचलेली नाही.