तेलकट

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होते ती यण्णीमज्जनाने. नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. 'मज्जन' म्हणजे स्नान, शब्द संस्कृत. 'यण्णी' म्हणजे कानडीतलं 'एण्णे', तेल. हा 'एण्णे' उकलला की आत 'एळ्' निघतो, म्हणजे तीळ, आणि त्याला जोडलेला 'नेय्', म्हणजे तूप किंवा कुठलाही स्निग्ध पदार्थ. आपलं 'तेल' आलं 'तैल'वरून, आणि तैल म्हणजे तरी काय? तिळाचं ते! दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी एकाच दाण्यावरून नाव ठेवलं. पुढे ते करडईला लागलं, शेंगदाण्याला लागलं, आणि माणसाच्या कातडीतून पाझरतं तेही तेलच झालं.

पण चेहऱ्यावर आलं की ते 'तेलकट' होतं. हा 'कट' बघा: मळकट, कळकट, पोरकट. लागेल तिथे नापसंती घेऊन येतो. माझी भाची दहावीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी नळापाशी. गाल लाल होईस्तोवर साबण घासते, कपाळावरची मुरमं चुरचुरतात, तरी थांबत नाही. "किती तेलकट झालंय बघ ना, मामा!"

मला वाटतं, तिला मुरमांइतकाच हा प्रत्यय छळतो. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी वाढतात, स्राव वाढतो. केसाच्या रंध्रात मृत पेशींचं बूच बसतं, मागे तेल तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. बुचाचं टोक काळं दिसतं ते मळाने नव्हे. कातडीचंच रंगद्रव्य हवा लागून काळवंडलेलं असतं. घासून ते जात नाही, कातडी मात्र हुळहुळते.

सुश्रुतसंहितेत या पुळ्यांना 'मुखदूषिका' म्हटलंय. सावरीच्या काट्यांची उपमा अचूक, पण नावात ठपका आहेच. त्यापेक्षा 'तारुण्यपीटिका' हा शब्द मला न्यायाचा वाटतो. पीटिका म्हणजे पुळी. तिचं कारण या शब्दाने वयात शोधलं, अस्वच्छतेत नाही. आणि तेलाचं म्हणाल, तर आयुर्वेदात तेलातुपाला 'स्नेह' म्हणतात, मायेलाही तोच शब्द.

हे सगळं मी भाचीला सांगितलं होतं. यंदा यण्णीमज्जनाला ती बरोबर होती. तेलाने न्हालेल्या लिंगाकडे बघत म्हणाली, "मामा, किती तुकतुकीत दिसतंय!"